शेअर फोल्डरमधल्या फाइलच्या नावात स्पेस आली की कंपनीच्या विकीवरची लिंक तुटते

अक्कलकोटरोड · सोमवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात प्लॅनिंग बघते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही ऑफिसच्या सर्व्हरवर मीडियाविकी (सगळ्यांनी मिळून पानं लिहायचं सॉफ्टवेअर) बसवली. डाईंग, विणकाम, पॅकिंग, सगळ्यांना एकाच पानावर आपापल्या फाइली सापडाव्यात एवढीच इच्छा. फाइली मात्र शेअर ड्राइव्हवरच आहेत. त्यात पंधरा-वीस जण रोज लिहितात, त्या तिथून हलवता येत नाहीत.

अडचण अशी की आमच्या जवळजवळ प्रत्येक फाइलच्या नावात स्पेस आहे. उदाहरणार्थ:

\\भांडार\उत्पादन\शेड कार्ड\मार्च लॉट ७.एक्सएलएसएक्स

(वाचायला सोपं जावं म्हणून पाथ देवनागरीत लिहिलाय, आमच्याकडे नावं इंग्रजी अक्षरांत आहेत.)

विकीच्या पानावर याची लिंक काही केल्या बसत नाही. मागच्या महिन्यात रात्रपाळीच्या माणसाने जुनं शेड कार्ड उघडलं आणि अख्खा लॉट गडद निघाला, परत रंगवावा लागला. तो माणूस वीस वर्षं डाईंगमध्ये आहे, त्याचा हात चुकला नव्हता. त्याच्या समोर चुकीचा कागद आला होता. म्हणून मला ही लिंक नीट हवी आहे. कुणी केलंय का हे?

सातरस्ता · सोमवार, सकाळी ११:०५

ताई, "बसत नाही" म्हणजे नेमकं काय होतं ते सांगा. पानावर लिंकच बनत नाही? अर्धीच बनते? की पूर्ण बनते पण दाबल्यावर काही होत नाही? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. आणि ब्राउझर कुठला?

होटगीकर · सोमवार, सकाळी ११:२०

एवढा विचार कशाला. सगळ्या फाइलींची नावं बदलून टाका, स्पेसच्या जागी अंडरस्कोर. एका संध्याकाळचं काम आहे, त्यासाठी फुकटची टूल्स मिळतात. फाइलच्या नावात स्पेस देऊ नये हे आम्हाला कॉलेजातच शिकवलं होतं.

अक्कलकोटरोड · सोमवार, दुपारी १२:१५

सातरस्ता दादा, तिन्ही झालंय, एकामागून एक.

पहिल्यांदा मी एकेरी चौकोनी कंसात फाइल:// लावून पाथ टाकला तर पानावर कंसासकट सगळा मजकूर तसाच दिसला, निळा झालाच नाही. आमच्या सिस्टिमवाल्या मुलाने नेटवर बघून सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली. त्यानंतर लिंक झाली, पण फक्त "शेड" या शब्दापर्यंत. पुढचं "कार्ड/मार्च लॉट ७" हे लिंकचं नाव म्हणून दिसतंय. दाबलं तर काहीच होत नाही. ब्राउझर बहुतेकांकडे क्रोम, काहींकडे एज.

होटगीकर, नावं बदलण्याबद्दल सविस्तर लिहीन नंतर. तेवढं सोपं नाहीये ते.

भुईकोट · सोमवार, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

ताई, तुमच्या वाटेत तीन दारं आहेत आणि तिन्हींना वेगवेगळी कुलपं. एका दाराची किल्ली दुसऱ्याला लावत बसलं की माणूस वैतागतो, म्हणून एकेक बघू.

पहिलं दार विकीचं. मीडियाविकीला एचटीटीपी, एफटीपी, मेलटू असे ठरावीक प्रोटोकॉलच लिंक म्हणून ओळखता येतात. "फाइल://" त्या यादीत मुळात नसतो. तुमच्या सिस्टिमवाल्याने लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये यूआरएल (वेब पत्ता) प्रोटोकॉलच्या यादीत तो वाढवला, ते बरोबर केलं. ते दार उघडलं.

दुसरं दार व्याकरणाचं, तुम्ही आत्ता तिथे उभ्या आहात. मीडियाविकीत बाहेरच्या लिंकसाठी एकेरी कंस असतो, आणि त्यात पत्ता कुठे संपला व नाव कुठे सुरू झालं हे ती पहिल्या स्पेसवरून ओळखते. दुहेरी कंसातल्या आतल्या लिंकसारखी उभी रेघ इथे चालत नाही. म्हणून "शेड"नंतर स्पेस आली की विकी म्हणते पत्ता संपला. तिचं काही चुकत नाही. पत्त्यात स्पेस नसतेच असं धरून ती बनवलेली आहे.

असं का धरलं? यूआरएलचा मूळ नियम डिसेंबर १९९४ चा आहे, आरएफसी १७३८ (इंटरनेटचे नियम ज्यांत लिहितात त्यांतलं एक कागदपत्र). त्यात स्पेस हे "असुरक्षित" अक्षर म्हटलंय आणि कारणही दिलंय: पत्ता हाताने उतरवताना, छापताना किंवा वर्ड प्रोसेसरमधून जाताना खरी स्पेस गळू शकते आणि नसलेली स्पेस मधेच येऊ शकते. आज ३० वर्षांनंतरही हे कारण खरं आहे. फाइलच्या नावात लागोपाठ दोन स्पेस असतील तर वेबपानावर एकच दिसते, तिथून कॉपी केलं की पत्ता चुकलाच.

तर स्पेसच्या जागी %२० लिहायचं (टाकताना इंग्रजी आकड्यांत). स्पेसचा आस्की क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला आकडा) ३२, तो सोळाच्या पायावर लिहिला की २०, आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. बस. तुमची लिंक अशी होईल:

[फाइल://भांडार/उत्पादन/शेड%२०कार्ड/मार्च%२०लॉट%२०७.एक्सएलएसएक्स मार्चचं शेड कार्ड]

उलट्या तिरक्या रेघांच्या जागी सरळ तिरक्या रेघा केल्यात ते बघा. काही लोक स्पेसऐवजी अधिकचं चिन्ह लावतात. ते करू नका. अधिक म्हणजे स्पेस हा नियम वेबवरच्या फॉर्मच्या माहितीसाठी आहे, पाथमध्ये अधिक म्हणजे अधिकच. अवतरणचिन्हात घालूनही उपयोग नाही. ती सवय कमांड प्रॉम्प्टची.

तिसरं दार ब्राउझरचं. ते सगळ्यात जड आहे, पण आधी एवढं करून बघा. सगळं एकदम केलं तर कुठलं उघडलं आणि कुठलं नाही ते कळणार नाही.

अक्कलकोटरोड · सोमवार, दुपारी ३:३०

अण्णा, फार उपकार झाले. लिंक आता पूर्ण निळी झाली, "मार्चचं शेड कार्ड" एवढंच दिसतंय. किती दिवस झटत होते मी यासाठी.

पण दाबल्यावर काहीच नाही. एरर नाही, नवी टॅब नाही, काही नाही. माऊस वर नेला की खाली पत्ता मात्र बरोबर दिसतो.

सातरस्ता · सोमवार, संध्याकाळी ५:१०

हेच तिसरं दार. एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि मग लिंक दाबा. "लोकल रिसोर्स लोड करायला परवानगी नाही" अशा अर्थाची लाल ओळ येईल. क्रोम एचटीटीपीच्या पानावरून फाइल:// कडे जाऊच देत नाही. फायरफॉक्सही देत नाही. यात स्पेसचा काही संबंध नाही, नाव "अबक" असतं तरी हेच झालं असतं. पुष्कळ लोक इथे येऊन %२० चुकलं असं समजतात आणि परत सगळं बदलत बसतात.

आता हे अडवतात का, तर कारण पक्कं आहे. विंडोजमध्ये \\सर्व्हर\ असा पत्ता उघडायला गेलं की संगणक त्या सर्व्हरकडे आपली ओळख सांगायला जातो, म्हणजे तुमच्या लॉगिनचं नाव आणि पासवर्डवरून काढलेलं उत्तर तिकडे पाठवतो. उद्या बाहेरच्या एखाद्या वेबसाइटने आपल्या सर्व्हरचा असा पत्ता पानात लपवला तर? म्हणून कुलूप. ते सरसकट काढायचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

पूर्वी अशा लिंका चालायच्या असं तुमच्याकडचे जुने लोक म्हणत असतील तर ते खरंच सांगताहेत. इंटरनेट एक्सप्लोरर ऑफिसच्या आतल्या साइटवरून अशा लिंका उघडायचा. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्त केलं आणि अनेक ऑफिसांतल्या विकी मुक्या झाल्या.

एक गोष्ट तपासा. लिंकवर उजवं बटण दाबून पत्ता कॉपी करा आणि क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करा. तिथे स्वतः टाकलेला पत्ता तो उघडतो. फाइल मिळाली म्हणजे पाथ बरोबर आणि पहिली दोन दारं नक्की उघडली. पण ही रीत लोकांना शिकवू नका! एक्सेलची फाइल अशी उघडली की क्रोम ती डाउनलोड्समध्ये कॉपी करून देतो. मूळ फाइल शेअरवर, माणूस आपली कॉपी बघतोय.

अक्कलकोटरोड · सोमवार, रात्री ९:४५

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी संध्याकाळी थांबले आणि डाईंगच्या केबिनमधल्या संगणकावर जाऊन बघितलं.

डाउनलोड्स फोल्डरमध्ये त्याच शेड कार्डच्या सात प्रती होत्या. नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे. आमच्याच एका जुन्या पानावर "लिंक चालत नसेल तर पत्ता वर पेस्ट करा" असं लिहिलेलं आहे. रात्रपाळीच्या माणसाने आम्ही सांगितलं तेच केलं होतं. त्याने तीन आठवड्यांपूर्वीची प्रत उघडली, कारण यादीत तीच वर होती.

उद्या सकाळी आधी त्याच्याशी बोलणार आहे. मग मॅनेजरांशी. ती ओळ आत्ताच काढून टाकली.

नवीपेठ · मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, हे शोधलंत ते फार बरं केलंत. त्या सात प्रती पुसून टाका, नाहीतर परत कुणीतरी उघडेल.

आमच्याकडे (युनिफॉर्म शिवण्याचं युनिट) डोकुविकी आहे, मीडियाविकीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर. तिथे दुहेरी कंसात \\ ने सुरू होणारा विंडोजचा पाथ स्पेससकट जसाच्या तसा टाकता येतो, ती स्वतः समजून घेते. म्हणजे भुईकोट अण्णांचं दुसरं दार तिथे उघडंच असतं. तिसरं मात्र सगळीकडे सारखंच.

होटगीकर · मंगळवार, सकाळी १०:००

म्हणजे इतकं करूनही लिंक चालली नाहीच. नावं बदलण्याबद्दल ताई लिहिणार होत्या, त्याची वाट बघतोय. माझं मत अजून तेच आहे. स्पेस नसती तर निम्मा धागा झालाच नसता.

अक्कलकोटरोड · मंगळवार, दुपारी २:२०

होटगीकर, तुमचं म्हणणं मला पटतं, पण नव्या फाइलींपुरतं. जुन्यांबद्दल सांगते.

आमचं कॉस्टिंगचं वर्कबुक शेड कार्डांमधून आकडे खेचतं. एक्सेलमध्ये दुसऱ्या वर्कबुकचा पाथ नावासकट साठवलेला असतो. फाइलचं नाव बाहेरून बदललं की ते दुवे तुटतात आणि वर्कबुक जुनेच आकडे दाखवत राहतं. चुकीचा दर बायरला गेला तर तो लॉट गडद होण्याहून मोठा प्रश्न आहे.

दुसरं, ही नावं कारखान्यातल्या माणसांनी ठेवलेली आहेत. "मोरपंखी ४५० जीएसएम बॉर्डरवाला" असं नाव वाचून डॉबीवरच्या (नक्षी विणायच्या मागावरच्या) माणसाला क्षणात कळतं. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची बरीच मंडळी घरी तेलुगू बोलतात, कामावर मराठी-हिंदी, आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत नजरेने ओळखतात. ती ओळख मी एका संध्याकाळी पुसू शकत नाही. लिंक बनवणारी मी एकटी आहे, वाचणारे ऐंशी आहेत. कष्ट माझ्या बाजूला असलेले बरे.

भुईकोट · मंगळवार, दुपारी ३:०५

सहमत. नव्या फोल्डरांना स्पेस नको हे मात्र आजच ठरवा, आणि तिथे अंडरस्कोरऐवजी जोडरेघ वापरा. लिंकखाली आधीच रेघ असते, तिच्यात अंडरस्कोर बुडून जातो. छापलेल्या कागदावरून कुणी पत्ता उतरवला तर तो तिथे स्पेस आहे असंच समजतो.

आणि झेड: ड्राइव्हचे पाथ कधीच लिंकमध्ये घालू नका. तुमचा झेड: दुसऱ्याच्या संगणकावर वाय: असतो. \\सर्व्हर\शेअर असाच पत्ता घ्या.

नवीपेठ · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मीडियाविकीत प्रत्येक वेळी हाताने %२० लिहिण्याची गरज नाही, साचा (एकदा लिहून कुठल्याही पानावर वापरता येणारा मजकूर) बनवा. आमच्या आधीच्या विकीवर मी बनवला होता, आठवेल तसं सांगते.

पार्सरफंक्शन्स हे एक्स्टेन्शन मीडियाविकीबरोबरच येतं, पण त्यातली मजकुरावरची फंक्शन्स मुळात बंद असतात, सेटिंगमध्ये ती सुरू करून घ्या. मग #रिप्लेस मिळतं. त्यात शोधायचा मजकूर रिकामा ठेवला की ते स्पेस शोधतं, आणि बदलायच्या जागी %२० द्यायचं. स्पेस थेट लिहायला गेलात तर विकी ती कडेची म्हणून कापून टाकते, म्हणून ही सोय. दुसऱ्या #रिप्लेसने \ चं / करा. सर्व्हरचं नाव साच्याच्या आतच लिहा. उद्या सर्व्हर बदलला तर एका जागी दुरुस्ती, हजार पानांवर नाही.

विकीचं तयार "यूआरएलएन्कोड" फंक्शन मोहात पाडेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. साधं वापरलं तर स्पेसचं अधिक होतं. "पाथ" असा पर्याय दिला तर %२० होतं, पण तिरक्या रेघाही %२एफ होऊन जातात आणि पाथ मोडतो. एक्सेलमधलं एन्कोडयूआरएलही तेच करतं. एक्सेलमध्ये यादी तयार करायची असेल तर साधं सब्स्टिट्यूट पुरे.

आपल्या धंद्यात आणखी दोन अक्षरं छळतात. एक टक्का: "१००% कॉटन". तिथे %२५ लिहावं लागतं. दुसरं हॅश: "लॉट #७". हॅशच्या पुढचं सगळं ब्राउझर पानातली खूण समजतो, फाइलचं नाव "लॉट"वरच संपतं. त्याला %२३. बदल करण्याचा क्रम पाळा, टक्का सगळ्यात आधी, मग हॅश, मग स्पेस. उलटं केलंत तर तुमचंच %२० पुढे %२५२० होईल आणि कुठे चुकलं ते शोधता शोधता दिवस जाईल. नावात चौकोनी कंस असला, "[रद्द]" वगैरे, तर विकी तिथेच लिंक बंद करते. त्यांनाही %५बी आणि %५डी करा. आणि नावात बरोबरचं चिन्ह असेल तर साच्याला पाथ देताना आधी १= लिहा, नाहीतर विकी त्याला वेगळा रकाना समजते.

पंढरपूररोड · बुधवार, सकाळी ८:५०

मधेच विचारतो, माफ करा. मी साखर कारखान्याच्या शेती विभागात आहे. आमच्या फाइलींची नावं मराठीतच आहेत, देवनागरीत. "ऊस नोंद दुसऱ्या गटाची" अशी. लिंक कॉपी केली की टक्क्यांचा डोंगर येतो, पुढे पाठवायला लाज वाटते. तो कमी करता येतो का? आणि काही फाइली उघडतात, काही नाही. नाव तर डोळ्यांना तेच दिसतं.

भुईकोट · बुधवार, सकाळी ११:३०

पंढरपूररोड, तुमचा प्रश्न अगदी जागेवर आहे. आपल्या लिपीच्या लोकांनाच हे भोगावं लागतं आणि इंग्रजी मदतीच्या पानांवर याचं उत्तर सापडत नाही.

डोंगर का होतो ते आधी. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्का धरून तीन अक्षरांत लिहितात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. "सोलापूर" घ्या: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र, अशी सात चिन्हं. सात नवे त्रेसष्ट. एक शब्द आणि ६३ अक्षरं!

पण ते तुम्ही लिहायचं नाही. मीडियाविकीत देवनागरी अक्षरं पत्त्यात तशीच ठेवा, फक्त स्पेसच्या जागी %२० करा. बाकीचं ब्राउझर बघतो. लोकांना पाठवताना डोंगर पाठवायचाच नाही. पानावर लिंक, तिला नीट मराठी नाव, आणि पाठवायची ती विकीच्या पानाची लिंक.

आता काही उघडतात, काही नाही याबद्दल. तुमच्या उदाहरणातच "दुसऱ्या" आहे. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, शून्य रुंदीचा. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला मात्र पूर्ण वेगळी नावं. फाइलचं नाव एकाने एका कीबोर्डवर ठेवलं आणि लिंक दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केली की संपलं. वाऱ्या, पुऱ्या, बऱ्याच, शेतकऱ्यांची, सगळीकडे हेच. तुमच्याकडे तर शेतकऱ्यांशिवाय फाइलच नसेल.

उपाय एकच: मराठी नावाचा पाथ कधी टाइप करायचा नाही. शिफ्ट दाबून फाइलवर उजवं बटण, त्यात "पाथ म्हणून कॉपी करा". आजूबाजूला अवतरणचिन्हं येतात, ती काढा. टाइप केलेल्या नावावर माझा मुळीच विश्वास नाही.

पंढरपूररोड · बुधवार, दुपारी ४:१५

तपासलं. उघडत नव्हत्या त्या सगळ्या फाइलींमध्ये ऱ्या किंवा ऱ्यां होता. एकही अपवाद नाही. दोन वर्षं आम्ही सर्व्हरला बोल लावत होतो. अण्णा, नमस्कार घ्या.

सातरस्ता · बुधवार, संध्याकाळी ७:००

ताई, तिसऱ्या दाराकडे परत येऊ. तुमच्याकडे एज आहेच, तर हे करून बघा.

एज ९५ पासून एक पॉलिसी आहे: इंट्रानेटच्या साइटवरची फाइल लिंक विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये उघडू द्यायची. ही मुळात बंद असते, ग्रुप पॉलिसीने (ऑफिसातल्या सगळ्या विंडोज संगणकांची सेटिंग एका जागेवरून ठरवायची सोय) चालू करता येते. पण अटी आहेत. विकी एचटीटीपीएसवर हवी. विकी आणि फाइल सर्व्हर, दोघेही विंडोजच्या "लोकल इंट्रानेट" झोनमध्ये हवेत. म्हणजे बाहेरच्या साइटसाठी कुलूप तसंच राहतं, फक्त घरातल्या घरात दार उघडतं. मला ही वाट सगळ्यात बरी वाटते, कारण डाउनलोडची प्रत बनत नाही.

ब्राउझरची एक्स्टेन्शनंही मिळतात असली, पण प्रत्येक संगणकावर ती कोण सांभाळणार?

आणि जी कागदपत्रं एकदा ठरली की बदलत नाहीत, सर्टिफिकेटं, मशीनची माहितीपत्रकं, ती सरळ विकीवरच अपलोड करा. मीडियाविकी त्यांच्या नावातली स्पेस आपणच सांभाळते आणि प्रत्येक आवृत्ती जपून ठेवते. शेअरवरची लिंक फक्त रोज बदलणाऱ्या फाइलींसाठी ठेवा.

अक्कलकोटरोड · शनिवार, दुपारी १२:५०

तीन दिवस याच्यामागे होतो, आज सांगण्यासारखं काही आहे.

विकीला ऑफिसपुरतं सर्टिफिकेट बसवलं, एचटीटीपीएस झालं. पॉलिसी चालू केली. तरी चालेना. सिस्टिमवाल्या मुलाच्या लक्षात आलं की काही पानांवर सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता लिहिलेला आहे. आयपीत टिंबं असतात, आणि टिंबं असलेला पत्ता विंडोज आपणहून इंट्रानेटमध्ये धरत नाही. नवीपेठ ताईंच्या साच्यात आम्ही \\भांडार असं साधं नाव टाकलं आणि त्याच क्षणी एक्सप्लोररची खिडकी उघडली. तिथून फाइल उघडली की ती शेअरवरचीच. दुसऱ्या कुणाकडे उघडी असेल तर एक्सेल तसं सांगतोही.

डाईंग, लॅब आणि पॅकिंगच्या संगणकांवर विकीचा आयकॉन आता एजमध्येच उघडतो असा ठेवलाय.

एकच फाइल अडली आहे. साच्यात पाथ बरोबर, कॉपी करूनच टाकलाय, टाइप केलेला नाही. खिडकी उघडत नाही. नाव "पीच बॉर्डर अंतिम". नावात टक्का नाही, हॅश नाही. स्पेस दोनच.

नवीपेठ · शनिवार, दुपारी १:३०

हे नाव कुणी दिलं? हाताने टाइप केलं होतं की कुठून पेस्ट?

अक्कलकोटरोड · शनिवार, दुपारी २:०५

विचारून आले. बायरच्या मेलमधून स्टाइलचं नाव उचलून पेस्ट केलं होतं.

नवीपेठ · शनिवार, दुपारी २:२०

मग सापडलं बहुतेक. मेल आणि वेबपानांत एक न तुटणारी स्पेस असते, ओळ मोडू नये म्हणून घालतात. दिसते अगदी साध्या स्पेससारखी, पण अक्षर वेगळं. विंडोज ती फाइलच्या नावात चालवून घेतो. तुमचा साचा मात्र साधी स्पेसच शोधतो, ही तशीच राहते. फाइलच्या नावावर एफ२ दाबा, दोन्ही स्पेस पुसा आणि कीबोर्डवरून परत द्या. या फाइलला कॉस्टिंगचा दुवा असेल तर आधी ते वर्कबुक उघडून ठेवा आणि नंतर दुवा नव्याने जोडा.

तेवढ्यात एक्सटेन्शनच्या आधीही स्पेस आहे का बघा, "अंतिम .एक्सएलएसएक्स" अशी. शेवटची स्पेस एक्सप्लोरर कापतो, पण टिंबाच्या आधीची ठेवतो. एक्सटेन्शन लपवलेलं असेल तर ती दिसतही नाही.

अक्कलकोटरोड · शनिवार, दुपारी ३:१०

पहिली स्पेस तीच होती, न तुटणारी. पुसून परत दिली, लिंक लगेच चालली. कॉस्टिंगचा दुवाही जोडून घेतला. एक्सटेन्शन दाखवायची सेटिंग सगळ्या संगणकांवर चालू करायला सांगितलंय.

साचा ज्यांना हवा असेल त्यांनी इथेच सांगा, पूर्ण मजकूर टाकते. टक्का, हॅश, स्पेस, उलटी रेघ, चारही त्यात आहेत, आणि न तुटणाऱ्या स्पेससाठी पाचवं #रिप्लेस आज रात्री घालणार आहे.

पंढरपूररोड · शनिवार, दुपारी ३:४०

मला हवाय ताई. सोमवारपासून नोंदींची पानं नव्याने लावायला घेतोय.

अक्कलकोटरोड · शनिवार, रात्री १०:३०

टाकते दादा, उद्या सकाळी. आत्ता कारखान्यातच आहे. रात्रपाळी सुरू झाली, आणि डाईंगच्या केबिनमध्ये आमच्या त्या माणसाने स्वतः पान उघडून मार्चचं शेड कार्ड दाबलं. खिडकी उघडली. त्याने आधी फाइलची तारीख बघितली, मग मला दाखवली, आजचीच होती, आणि मग रंग मोजायला गेला.